तिला नको, मला शिकवा

मंदाबाई पहिल्यांदा माझ्या घरी आल्या त्या वैशालीची गणिताची वही घेऊन. वहीच्या शेवटच्या पानावर मी लाल शाईने लिहिलं होतं, 'वर्गात लक्ष नसते. जागेवर बसत नाही. पालकांनी भेटावे.' पालकांनी शाळेत भेटावं अशी माझी अपेक्षा होती. त्या दुपारी तीन वाजता थेट घरीच आल्या, कारण त्यांचा फुलांचा मळा आमच्या बिल्डिंगच्या अगदी मागे होता. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. गंगापूर रोडला तेव्हा दोन बिल्डिंगांच्या मध्ये असे मळे असत. आमच्या गॅलरीतून खाली गुलाबाचे आणि गुलछडीचे वाफे दिसायचे.

दारात चपला काढून त्या आत आल्या. मी खुर्ची पुढे केली तरी भिंतीला टेकून खाली बसल्या आणि वहीतलं ते पान माझ्यासमोर धरलं.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"लक्ष नसते म्हंजे काय? लक्ष हाय तिचं. एका जागी नाय, एवढंच."

मी तेव्हा बारा वर्षं गणित शिकवत होते. माझा वर्ग शांत असतो असं शाळेत सगळे म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान होता. मी जरा कडक आवाजातच त्यांना सांगितलं की वैशाली पाचवीत आलीय तरी तिला उसन्याची वजाबाकी येत नाही. दर पाच मिनिटांनी उठते, पुढच्या मुलीची वेणी सोडते, पेन्सिलीला टोक करायला जाते ती खिडकीशीच उभी राहते. मंदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मी काही नवीन सांगत होते असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

"घरी पण तसंच करते," त्या म्हणाल्या. "ते मला ठावं हाय. पुढं काय करायचं ते सांगा."

पुढं काय करायचं ते मलाही ठाऊक नव्हतं. ते कबूल करायची तयारी नव्हती, म्हणून मी म्हटलं, रोज तासभर माझ्याकडे पाठवा.

तो तास पंधरा दिवस चालला. वैशाली आगाऊ नव्हती, उलट गोड होती. बसायची, एक ओळ लिहायची आणि तिचं कशाकडे तरी लक्ष जायचं. तिसऱ्या दिवशी मी चहा ठेवून येईपर्यंत तिने माझं गजराचं घड्याळ उघडलं होतं आणि आतली चाकं लहान-मोठी अशी ओळीने मांडली होती. मी ओरडले. ती दचकली, रडली, आणि पाचच मिनिटांत रडणं विसरून पंख्याची पाती मोजायला लागली. दुसऱ्या शनिवारी मंदाबाई तिला न्यायला आल्या तेव्हा आम्हा दोघींचे चेहरे बघून दारातच थांबल्या.

"बाई, तुमचा पण जीव चाललाय आन् तिचा पण," त्या म्हणाल्या. "तिला नको. मला शिकवा."

"तुम्हाला?"

"मी सातवी पास हाय. विसरले असंल सगळं, पण मला एका जागी बसता येतं."

त्यांचं माहेर चांदवडकडचं. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न होऊन नाशकात आल्या आणि तेव्हापासून फुलांत. उंच, सडसडीत, तिशीच्या बाई. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट देठांच्या चिकाने कायमचं हिरवट-काळं पडलेलं. माझ्याकडे येताना ओल्या फडक्यात मोगऱ्याच्या कळ्या घेऊन यायच्या. मी वहीत उदाहरण सोडवून दाखवायचे, त्यांची नजर वहीवर आणि हात गजऱ्यावर. बोटांना बघावं लागत नव्हतं. एखादी गोष्ट कळली नाही की त्या म्हणायच्या, "थांबा, अजून हातात नाय आलं." मी पुन्हा सांगायचे. चार-चार वेळा सांगायचे. कळलं की त्या सरळ पुढचा प्रश्न विचारत.

आणि त्यांचे प्रश्न असे असत की बारा वर्षांत एकाही मुलीने ते मला विचारले नव्हते. वजाबाकी चालू होती. मी म्हटलं, दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारून एक उसना घ्यायचा.

"घेतलेला उसना परत कव्हा देतात?"

"परत देत नाहीत."

"मंग उसना कशाला म्हणायचं? पोरगी हेच विचारती. तिला वाटतं शेजारच्याला फसवलं." त्यांनी गजरा खाली ठेवला, हे क्वचित घडायचं. "आमच्याकडं लिलीच्या कळ्यांच्या जुड्या बांधतात. दहाची जुडी बांधली आन् सुट्ट्या दोनच कळ्या उरल्या, आन् कुणी सात मागितल्या, तर काय करणार? एक जुडी सोडणार. उसनं काय त्यात."

दुसऱ्या दिवशी वैशालीला वजाबाकी यायला लागली. माझ्या वर्गात ती उदाहरण सोडवताना पुटपुटायची, "जुडी सोडली." मी पुढच्या वर्षीपासून फळ्यावर तसंच शिकवायला लागले. हे कुणाकडून शिकले ते शाळेत सांगितलं नाही.

मळ्यात त्यांचं शिकवणं कसं चालतं ते बघायला मी एकदा मुद्दाम गेले. सकाळची तोडणी संपली होती. गुलछडीच्या वाफ्यांच्या दोन्ही टोकांना बांबूच्या काठ्या रोवून त्यांवर पाट्या अडकवल्या होत्या. या टोकाच्या पाटीवर उदाहरण, त्या टोकाच्या पाटीवर उत्तर लिहायची जागा. वैशाली उदाहरण वाचायची, वरंब्यावरून पळत सुटायची आणि पलीकडे पोचेपर्यंत उत्तर काढायची. पोचली आणि उत्तर विसरली, तर परत पळत यायची. कुणी तिला रागावत नव्हतं. मंदाबाई मधल्या बांधावर बसून हार करत होत्या. एक गजरा होईपर्यंत गणित, मग दुसरा गजरा होईपर्यंत मोकळं सोडायचं, असा त्यांचा नियम होता. मोकळ्या वेळात ती विहिरीकडे गेली तर तेवढ्यापुरत्या मात्र त्या ओरडायच्या.

मी मोजत होते. अर्ध्या तासात वैशालीने अठरा उदाहरणं केली. वर्गात ती तीन करायची.

"पळतानाच तिला सुचतं," मंदाबाई म्हणाल्या. "बसवली की सगळी ताकद बसण्यातच जाती."

त्यांच्या घरात हे सगळ्यांना पटत होतं असं नाही. सासूबाई म्हणायच्या, पोरीला बाहेरचं झालंय, उतारा टाका. वैशालीचे वडील, रामदासभाऊ, मवाळ माणूस. दिवसभर पाठीवर पंप घेऊन गुलाबावर फवारणी करायचे आणि संध्याकाळी गप्प बसायचे. त्यांना फक्त एवढंच वाटायचं की मुलीला शिकून काय करायचंय, तिचा एवढा छळ कशाला. शेवटी मीच एका बालरोगतज्ज्ञांचं नाव सुचवलं. दोघे नवरा-बायको वैशालीला घेऊन गेले, मला बरोबर चला म्हणाले, म्हणून मीही गेले. डॉक्टरांनी दोन-तीन खेपा तपासलं, शाळेचे कागद मागवले, आणि मग सांगितलं की याला एडीएचडी म्हणतात. मूल मुद्दाम करत नाही, त्याच्या मेंदूला लक्ष एका ठिकाणी धरून ठेवणं जड जातं.

"म्हंजे येडी हाय का?" रामदासभाऊंनी विचारलं.

"अजिबात नाही. बुद्धी चांगली आहे."

"मंग बरी कधी होईल?"

डॉक्टर म्हणाले, बरी होण्याचा प्रश्न नाही, सवयी लावायच्या, वय वाढेल तसा थोडा फरक पडतो. औषधाचंही त्यांनी सांगितलं. ते तेव्हा नाशकात सहज मिळत नसे. काही महिने मुंबईहून आणवून दिलं, पण तिची भूक फार कमी झाली तेव्हा डॉक्टरांनीच थांबवायला सांगितलं. रामदासभाऊ निराश झाले. मंदाबाई मात्र रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "नाव हाय त्याला, हे बरं झालं. आतापर्यंत सगळे माझ्या पोरीलाच नावं ठेवू राहिले होते." घरी आल्यावर त्यांनी ती चार अक्षरं माझ्याकडून एका कागदावर लिहून घेतली आणि देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली.

त्या संत नव्हत्या, हेही सांगायला हवं. सातवीच्या सहामाहीत वैशालीने गणिताचा पेपर जवळजवळ कोरा दिला. सगळं येत होतं. आदल्या दिवशी माझ्यासमोर तिने सगळे प्रकार सोडवले होते. पेपरात तीन उदाहरणं केली आणि उरलेला वेळ प्रश्नपत्रिकेच्या कडेला फुलं काढली. पेपर मिळाले त्या दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली मळ्यात मंदाबाईंनी तिच्या कानाखाली मारली. एकदाच मारली, पण आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. वैशाली रडली नाही, आईकडे नुसती बघत राहिली. मंदाबाई आपल्या हाताकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्या आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर कळ्या नव्हत्या.

"आज शिकवू नका. मला परीक्षेला बसवा. पोरीला दिला तोच पेपर द्या."

"कशाला?"

"बघायचंय मला."

मी त्यांना टेबलाशी खुर्चीवर बसवलं. माझ्या घरात त्या खुर्चीवर बसल्या त्या तेवढ्याच. प्रश्नपत्रिका दिली, दोन तासांची वेळ लावली आणि आत जाऊन बसले. मध्ये दोनदा डोकावले. पहिल्यांदा त्या लिहीत होत्या. दुसऱ्यांदा त्या पेन खाली ठेवून प्रश्नपत्रिकेवर दोन्ही तळहात ठेवून बसल्या होत्या. दोन तासांनी म्हणाल्या, "बाई, सगळा कागद एकदम अंगावर येतो. मी एक सोडवू राहिले तर बाकीचे नऊ ओरडतात. मला येतं तरी मला घाम फुटला. त्या लेकराचं काय होत असंल."

"मी उगाच मारलं तिला," एवढंच म्हणून उठल्या.

आठवड्याभरात त्यांनी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याला मध्ये एक आडवी खिडकी पाडली होती. पुठ्ठा प्रश्नपत्रिकेवर ठेवायचा, खिडकीतून एकच प्रश्न दिसतो, तो झाला की पुठ्ठा खाली सरकवायचा. घरी वैशालीने त्या पुठ्ठ्याने पूर्ण पेपर सोडवला. वार्षिक परीक्षेला हा पुठ्ठा घेऊन बसू द्या, असं सांगायला मंदाबाई शाळेत आल्या. मुख्याध्यापिकांनी मलाही ऑफिसात बोलावून घेतलं.

"उद्या सगळ्याच मुलींनी मागितला तर?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"द्या ना मंग. पुठ्ठाच तर हाय."

"परीक्षेचे काही नियम असतात."

"पुठ्ठा नको असं कुठं लिहिलंय का? लिहिलं असंल तर दाखवा, मी जाते."

मुख्याध्यापिका माझ्याकडे वळल्या. "देवरे बाई, गणित तुम्ही शिकवता. तुमचं काय मत?"

माझं मत ठरलेलं होतं. दोन वर्षं रोज दुपारी ते माझ्यासमोर घडत होतं. पण त्याच महिन्यात पर्यवेक्षकपदासाठी माझं नाव चर्चेत होतं आणि मुख्याध्यापिकांना उलट उत्तर देणारी माणसं आवडत नसत. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं."

मंदाबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. एखादं फूल टोपलीत घ्यावं की बाजूला टाकावं हे ठरवताना बघतात तसं. मग नमस्कार करून निघून गेल्या.

त्या दिवशी तीन वाजता त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आठ दिवस मी तीन वाजता दाराचा कानोसा घेत बसत होते. कामवाली आली तरी उठून बघायचे. नवव्या दिवशी मीच मळ्यात गेले. त्या गुलछडी काढत होत्या. मला पाहून थांबल्या नाहीत.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"मला कशाला सांगता? तिकडं सांगा."

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांकडे गेले आणि म्हटलं, माझ्या विषयाच्या पेपरला मी तो पुठ्ठा वापरू देणार आहे. त्या म्हणाल्या, मग जबाबदारी लेखी घ्या. मी लिहून दिलं. पर्यवेक्षकपद त्या वर्षी दुसऱ्या बाईंना मिळालं. त्याचा आणि याचा संबंध होता की नाही, मला कधीच कळलं नाही. त्या दुपारी तीन वाजता मंदाबाई आल्या, भिंतीला टेकून बसल्या, कळ्यांचं फडकं उघडलं आणि म्हणाल्या, "दशांश चिन्हापाशी होतो आपण."



हळूहळू मळ्यातल्या शिकवणीची गोष्ट पसरली. गंगापूर रोडच्या बंगल्यांतून आया यायला लागल्या. कुणाचं मूल शाळेतून काढायच्या बेतात, कुणाला पाढेच येत नाहीत, कुणी चौथी शाळा बदललेली. पहिला आला तो अनिरुद्ध. त्याची आई कॉलेजात शिकवायची. गाडी बांधाशी उभी करायची, त्याला आत सोडायची आणि स्वतः काचा वर करून पेपर तपासत बसायची. तीन महिन्यांत अनिरुद्ध बारापर्यंतचे पाढे शिकला, अनवाणी, चिखलात. मग एक दिवस त्याचे वडील बघायला आले. मुलाच्या पोटऱ्यांपर्यंत गारा होता. ते मंदाबाईंशी बोलले नाहीत. बायकोला म्हणाले, "इथे गणित कमी आणि माती जास्त आहे," आणि मुलाला घेऊन गेले.

मंदाबाई दोन दिवस त्याच्याबद्दलच बोलत होत्या. "अर्ध्याच वाफ्याला बारं देऊन पाणी बंद केल्यासारखं झालं. तेराच्या पाढ्याला आला होता."

पंधरा दिवसांनी अनिरुद्धची आई एकटीच आली, गाडीतून उतरून बांधावर आली आणि म्हणाली, "त्याला पाठवता येणार नाही. पण तुम्ही करता ते मला घरी करता येईल का?"

"येईल की," मंदाबाई म्हणाल्या. "बसा."

तेव्हापासून त्यांनी तोच नियम केला. पोरगं नंतर, आधी आई. चार-पाच चांगल्या घरच्या बायका बांधावर गोणपाटावर बसलेल्या मी पाहिल्या आहेत. मंदाबाई त्यांना फुलं ओवायला द्यायच्या आणि मुलाचं गाऱ्हाणं सांगू लागल्या की थांबवायच्या. "तो काय करत नाय ते मला नका सांगू. तो काय करतो ते सांगा." एकजण म्हणाली, दिवसभर जिना चढतो-उतरतो. "मंग जिन्यावर शिकवा. पायरी-पायरीला आकडा लिहा." एकजण म्हणाली, दिवसभर नळाशी पाण्यात खेळतो. त्यांनी तिला अर्धा, पाव, पाऊण अशी भांडी मापून द्यायला सांगितली. त्या बायका गेल्यावर मला म्हणायच्या, "पोरांपेक्षा आयांचं अवघड हाय. एकीला पण दोन मिनिटं गप्प बसून लेकराकडं बघता येत नाय."

सगळ्यांना उपयोग झाला असं नाही. एका मुलीच्या बाबतीत त्यांनी वर्षभर सगळं करून पाहिलं आणि काहीच जमलं नाही. तेव्हा त्यांनी तिच्या आईला सरळ सांगितलं, "मला नाय येत हिचं. मोठ्या डॉक्टरला दाखवा." ती मुलगी गेल्यावर त्या कितीतरी दिवस तिची चौकशी करत होत्या.

वैशाली दहावीला आली तेव्हा मंदाबाईंनी माझ्याबरोबर बीजगणित आणि भूमिती दोन्ही पूर्ण केलं होतं. बोर्डाच्या परीक्षेला पुठ्ठा चालला नसता, म्हणून त्यांनी वैशालीला प्रश्नपत्रिकेचीच घडी घालून एकेक प्रश्न उघडायला शिकवलं. तरी वैशाली गणितात नापास झाली. एक घडी तिने उघडलीच नव्हती. त्यात दोन मोठे प्रश्न होते.

निकालाच्या आठवड्यातच दिंडोरीकडचं एक स्थळ आलं. घर चांगलं होतं, द्राक्षबाग होती. रामदासभाऊ मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही हिला समजवा. आता तरी पोरीला सुटू द्या." मी काही बोलायच्या आत मंदाबाईच बोलल्या. त्या नवऱ्याशी आवाज चढवून बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या, तेव्हाही चढवला नाही.

"तिकडं तिला चुलीपुढं बसवतील. भाकर करपली की मारतील. मी आई असून मारलं, ते तर परके. पोरीचे पाय चांगले हेत, तिला त्यांच्यावर उभी राहू द्या. मंग बघू स्थळं."

"आन् पुन्हा नापास झाली तर?"

"तर पुन्हा बसंल."

रामदासभाऊ उठून मोटार बंद करायला गेले. स्थळाला काय निरोप गेला ते मला माहीत नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेला वैशाली बसली आणि काठावर पास झाली. मंदाबाईंनी त्या दिवशी आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक दाराला तोरण बांधलं. ज्यांच्याशी त्यांची ओळखही नव्हती त्यांच्या दारालाही.

पुढे काही वर्षं वैशाली मळ्यातच होती, मग एसटीत कंडक्टर लागली. पेठच्या गाडीवर. घाटातल्या वळणावर भरलेल्या गाडीत ती एका हाताने दांडी धरून पुढून मागे, मागून पुढे फिरत असते, हिशेब तोंडी करते आणि दिवसभर कुणी तिला बस म्हणत नाही. मी एकदा त्या गाडीने गेले. तिने मला पुढची जागा दिली आणि म्हणाली, "बाई, आईला सांगा, तिनं दिलेला डबा खाल्ला म्हणून. मी सांगितलं तर तिला खरं नाही वाटत."

तोपर्यंत मळा विकायचं ठरलं होतं. चार भावांची जमीन, सगळीकडे इमारती उठलेल्या, विहिरीचं पाणीही आटलं. रामदासभाऊंनी आपल्या वाट्यातून चांदवडजवळ कांद्याचं रान घेतलं. मंदाबाई माहेरच्या मुलखात परत गेल्या. जाताना माझ्याकडे आल्या, तीन वाजताच. मी म्हटलं, आता शिकवायला काही उरलं नाही. त्या म्हणाल्या, "गणिताचं नाय उरलं. बाकीचं हाय."

त्याचा अर्थ मला दोन वर्षांनी कळला. फोनवर म्हणाल्या, बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. "वैशाली म्हणती, आई, आता तू बस, मी डबा आणते." मराठी, इतिहास, भूगोल त्या एकट्या वाचत होत्या. विज्ञान गावातल्या एका मास्तरांकडे. इंग्रजीची मात्र भीती होती.

ती भीती खरी ठरली. निकाल लागला तेव्हा गणितात त्यांना उत्तम गुण होते आणि इंग्रजी राहिलं होतं. ऑक्टोबरला पुन्हा बसणार होत्या. सप्टेंबरात एका सकाळी छातीत दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलं, तिथे पोचायच्या आधीच त्या गेल्या. मला वैशालीचा फोन दुपारी आला. मी चांदवडला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

म्हणून मंदाबाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधी मार्चमध्ये, बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी. न सांगता गेले होते. पेपर सुटायच्या वेळी परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर, पालकांच्या गर्दीत उभी राहिले. घंटा झाली, मुलं बाहेर यायला लागली. बराच वेळ त्या दिसल्या नाहीत. मग दिसल्या, निळ्या गणवेशातल्या पाच-सहा मुलींच्या घोळक्यात. पदर खोचलेला, हातात प्रश्नपत्रिका, आणि शेजारच्या दोन वेण्यांच्या मुलीशी त्यांचं वाजलेलं. ती मुलगी म्हणत होती, उत्तर उणे चार येतं. मंदाबाई म्हणत होत्या, अधिक चार. "अगं, चिन्ह बदलायचं राहिलं तुझं," त्या चालता चालता प्रश्नपत्रिकेवर नखाने दाखवत होत्या. "पलीकडं नेलं की बदलतं ना?" मुलगी ऐकत नव्हती. बाकीच्या मुली दोन्ही बाजूंनी बोलत होत्या. मी हाक मारायला हात वर केला होता, तो खाली घेतला. त्या माझ्यापासून दोन हातांवरून गेल्या, मला त्यांनी पाहिलंच नाही. रस्ता ओलांडून सगळ्या मिळून रसवंतीच्या सावलीत थांबल्या. तिथे त्या मुलीने वही उघडली, मंदाबाईंनी तिच्याकडून पेन मागून घेतलं, आणि दोघी वहीवर वाकल्या.